गाडी तुमच्या दारात, मालक मात्र गुरुजी

दारव्हा तालुक्यातल्या एका कास्तकाराचं पत्र आलंय. नाव छापत नाही. पत्र थोडं कापून देतो, भाषा त्यांचीच आहे.

“काका, फेब्रुवारीत कापूस विकून शेजारच्या गावच्या एका रिटायर गुरुजींची २०१५ ची पेट्रोल वॅगन आर घेतली, १ लाख ७० हजारात. बाबांचं आठवड्यातून दोनदा यवतमाळले डायलिसिस असते, त्याच्यासाठीच घेतली. गुरुजींनी फॉर्मवर सह्या करून देल्या, पण नाव बदलाचं राहूनच गेलं. आता नोव्हेंबरात रात्री एकटाच येत होतो तं तुरीतून रोही (नीलगाय) आडवा आला. बोनट, बंपर, रेडिएटर, एक लाइट गेला. गरमीचा काटा लालवर होता, तरी कशीबशी ११ किलोमीटर घरी आणली. फुल इन्शुरन्स आहे, पण कंपनीवाला म्हणते गाडी तुमच्या नावावर नाही, पैसे भेटत नाही. गॅरेजवाला म्हणते गुरुजीच चालवत होते असं लिहून देऊ. दुरुस्तीचा अंदाज ६८ हजार सांगते. साळा म्हणते हे भंगारात टाका, नागपूरले २०१९ ची डिझेल गाडी २ लाख १० हजारात भेटून राहिली. गुरुजी रोज फोन करतात, भेले आहेत. मी काय करू?”

भाऊ, पत्रातलं मला सगळ्यात जास्त खटकलं ते ११ किलोमीटर. बाकीचं सगळं नंतर बघू. आधी गाडीला सेल्फ मारणं बंद करा. “चालू तर होते, पाहून घेऊ” असं कोणी म्हटलं तरी मारू नका.

मी पुसदला २९ वर्षं गॅरेज चालवलं. धडकेने मेलेली इंजिनं मी कमी पाहिली, धडकेनंतर घरापर्यंत चालवत आणल्यामुळे मेलेली जास्त. रेडिएटर फुटला की पाणी रस्त्यावर सांडतं आणि इंजिनातली उष्णता वाहून न्यायला काही उरत नाही. वरचं हेड ॲल्युमिनियमचं, ते तापून वाकतं. हेड आणि ब्लॉकच्या मधली गॅस्केट जळते. पाणी पूर्ण संपलं की काटा कधीकधी आपोआप खाली येतो, कारण सेन्सरला पाणीच लागत नाही. चालवणाऱ्याला वाटतं गाडी थंड झाली, म्हणून तो आणखी चालवतो. तुमच्या गाडीत तसं झालं का, हे आठवून पाहा आणि मेकॅनिकला सांगा.

गाडी थंड असताना ऑइल भरायचं झाकण उघडा आणि आतून बोट फिरवा. बोटाला काळं ऑइल लागलं तर बरं आहे. चहावरच्या सायीसारखा दुधी, मळकट फेस लागला तर पाणी ऑइलमध्ये गेलंय अशी शंका घ्या. थंडीच्या दिवसांत थोडं थोडं चालणाऱ्या गाडीच्या झाकणाला असा पातळ थर एरवीही धरतो, म्हणून डिपस्टिकही, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, ओढून पाहा. तिच्यावरही दुधी दिसलं तर हेड उतरवावं लागणार हे धरून चाला. दोन्हीकडे स्वच्छ असेल तर मेकॅनिककडून रेडिएटर बसवून, कूलंट भरून गाडी चालू करायची आणि कूलंटच्या डब्यात सारखे बुडबुडे येतात का, सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबतच नाही का, ते पाहायचं. शिवाय कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घ्या. ६८ हजारांच्या अंदाजात हेडचं काम धरलंय की नुसतं पत्र्याचं, हे गॅरेजवाल्याला आधी विचारा. या उत्तरावर गाडी ठेवायची की नाही ते ठरेल.

आता इन्शुरन्स. कंपनी जे म्हणते ते कडू आहे, पण बरोबर आहे. फुल इन्शुरन्स म्हणजे एका कागदात दोन वेगळे करार असतात. एक थर्ड पार्टीचा, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्या कोणाचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. दुसरा तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे गाडी विकली की थर्ड पार्टीचा विमा आपोआप नव्या मालकाकडे जातो. स्वतःच्या गाडीचा भाग तसा जात नाही. त्यासाठी घेणाऱ्याने १४ दिवसांच्या आत कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. सुप्रीम कोर्टाने हे फार आधीच स्पष्ट केलंय. गुरुजींनी गाडी विकली, त्यामुळे त्यांचं नुकसान झालं नाही. तुमचं झालं, पण कंपनीचा करार तुमच्याशी नाही. त्या फटीत तुमचे ६८ हजार गेले. कंपनीकडून नकार लेखी मागून घ्या. विमा लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, पण तुमच्या प्रकरणात तिथून पैसे येतील अशी आशा मी तुम्हाला लावणार नाही.

गॅरेजवाल्याने सांगितलेली युक्ती मात्र करू नका. हे मी नियमापोटी म्हणत नाही, गुरुजींपोटी म्हणतो. त्या फॉर्मवर सही गुरुजींची जाईल. रात्री त्या रस्त्यावर मी होतो, असं सर्व्हेअरसमोर, म्हणजे कंपनीच्या नुकसान तपासणाऱ्यासमोर, सांगावं लागेल त्यांना. आयुष्यभर पोरांना शिकवलेला म्हातारा माणूस तुमच्या रेडिएटरसाठी खोटं बोलणार, आणि उघडं पडलं तर फसवणुकीचा गुन्हा त्यांच्यावर. क्लेम मिळाला तर गॅरेजचं बिल निघेल. नाही मिळाला तर गॅरेजवाल्याचं काही जात नाही.

गुरुजी घाबरलेत ते उगाच नाही. तुमच्यापुढे रोही आला. त्याच वळणावर सायकलवरचं एखादं लेकरू आलं असतं तर? थर्ड पार्टी चालू होती म्हणून कंपनीने भरपाई दिली असती, पण यवतमाळच्या मोटार अपघात न्यायाधिकरणाची नोटीस गुरुजींच्या दारात गेली असती, कारण आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी कागदावर, मालक ते आहेत. आणि त्या दिवशी पॉलिसीची मुदत संपलेली असती तर भरपाईची रक्कम त्यांच्याकडून मागितली गेली असती. फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सुप्रीम कोर्टापुढे अशीच गाडी होती. पहिल्या मालकाने ती २००७ मध्ये विकली, पुढे ती हातोहात फिरली, २००९ मध्ये अपघात झाला. आरसीवर नाव पहिल्याच मालकाचं राहिलं होतं आणि कोर्टाने जबाबदार त्यालाच धरलं. विकून दोन वर्षं झाली होती तरी.

दुसरी बाजू तुमच्या घरची आहे. पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो. तो आरसीवरच्या मालकाचा. त्या रात्री तुमचं काही बरंवाईट झालं असतं तर तुमच्या घरच्यांना त्या पॉलिसीतून हे १५ लाख मिळाले नसते. बाबांचं डायलिसिस कोणाच्या भरवशावर चाललं असतं, तुम्हीच सांगा. तुम्ही ९ महिने असे फिरलात, याचा मला राग नाही, काळजी वाटते. आपल्याकडे अर्ध्या गाड्या अशाच फिरतात. गाडी घेतली, नारळ फोडला, फॉर्म डॅशबोर्डच्या कप्प्यात. सोयाबीन निघालं की करू, दिवाळी झाली की करू.

म्हणून गाडी ठेवा की विका, नाव आधी करा. भंगारात टाकायची असली तरी तिचे कागद सरळ लागतात. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. तुमची मुदत गेली, उशिराचा जो दंड असेल तो भरून टाका. नाव बदलायची सरकारी फी कारसाठी काही शेकड्यांतच आहे, त्यामुळे एजंटने हजारांत आकडा सांगितला तर कशाचे किती ते त्याला विचारा. फॉर्म २९ म्हणजे विकल्याची सूचना, फॉर्म ३० म्हणजे मालकी बदलाचा अर्ज. फेब्रुवारीत सह्या केलेले जुने फॉर्म वापरू नका, आणि मागची तारीख तर अजिबात टाकू नका. नव्याने भरा. अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर होतो आणि गुरुजींच्या मोबाईलवर ओटीपी येतो, म्हणून त्यांना सोबत घेऊनच बसा.

बसण्याआधी चार गोष्टी पाहून ठेवा. पॉलिसी आणि पीयूसी चालू हवं. रिन्यूअलचे मेसेज गुरुजींना जातात, तुम्हाला नाही, म्हणून मुदत स्वतः वाचा. आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते बघा. गुरुजींनी कर्ज फेडलं असेल, पण कर्ज फिटलं म्हणजे बोजा उतरला असं नसतं. त्यासाठी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ वेगळा द्यावा लागतो. फेब्रुवारीनंतरचे ई-चलान तुमचे, ते तुम्ही भरा. आणि गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची, म्हणजे एचएसआरपी, ती जास्त सुरक्षेची सरकारी नंबर प्लेट, सक्तीची. ती नसेल तर काम अडेल.

हे आजउद्यावर ढकलू नका. माझ्याकडे एक गिऱ्हाईक होतं. गाडी घेतली, नाव केलं नाही, आणि वर्षभरात विकणारा वारला. मग मालक वारल्यावर लागतो तो फॉर्म ३१, वारसांची कागदपत्रं, तीन मुलं तीन शहरांत. एका सहीसाठी तो माणूस पुण्याला दोनदा गेला. तुमचे गुरुजी आहेत, चांगले आहेत आणि स्वतःहून फोन करतात.

नाव झालं की नवी आरसी घेऊन पॉलिसी आपल्या नावावर करायला द्या. तिथे एक फरक भरावा लागेल. गुरुजींनी वर्षानुवर्षं क्लेम घेतला नसेल तर त्यांना हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट, म्हणजे नो क्लेम बोनस, मिळत असेल. तो बोनस माणसाचा असतो, गाडीचा नसतो. तो गुरुजींकडेच राहील आणि उरलेल्या मुदतीपुरती तफावत तुम्ही द्यायची. गाडी फुटलेली असताना कंपनी तिची पाहणी करेल तेव्हा अडचण येईल, म्हणून पत्र्याचं काम आधी उरकून घ्या.

आता दुरुस्त करायची का. दिवसा, उजेडात, फुटलेला लाइट काढून आत पाहा. इंजिनाच्या दोन्ही अंगांना जे पत्रे असतात त्यांना एप्रन म्हणतात. ते आणि त्यांच्या खालून पुढे आलेले चेसिसचे हात सरळ आहेत का? पत्र्याला चुणी पडलीय का, रंगाचे पोपडे उडालेत का, एका बाजूचं दार घासून बंद होतं का? रोही उंच जनावर, त्याचा मार बहुतेक वेळा वर, बोनटवर बसतो आणि खालचं वाचतं. तसं असेल आणि हेडही शाबूत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: हीच गाडी ठेवा. ९ महिने तुम्ही ती चालवलीय, तिचं काय दुखतं ते तुम्हाला माहीत आहे. नव्या अनोळखी गाडीबद्दल एवढं कोणाला माहीत नसतं. बोनट, बंपर, लाइट हे जुन्या मालातले चांगले मिळतात, पत्रा सरळ आणि काच न तडकलेली असली की झालं. तिथे पैसे वाचवा. रेडिएटर, होस पाइप आणि थर्मोस्टॅट मात्र नवेच. आणि त्यात बोअरचं पाणी भरू नका, भाऊ. आपल्या भागातलं पाणी जड. त्याचा क्षार आतल्या बारीक नळ्यांत किटलीच्या तळासारखा चिकटतो आणि मे महिन्यात ४५ डिग्रीला दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर गाडी पुन्हा तापते. तेव्हा मागच्या सीटवर बाबा असतील. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, दुसरं काही नाही.

एप्रन वाकलं असेल आणि हेडही गेलं असेल, तर पैसे ओतू नका. नाव करून, आहे तशी, जे झालं ते सांगून विका.

साळ्याने पाहिलेल्या गाडीबद्दल. आधी हिशेब. तुमच्या गावाहून यवतमाळ ४२ किलोमीटर धरा, जाऊन-येऊन ८४, आठवड्यात दोनदा, म्हणजे वर्षाला पावणेनऊ हजार किलोमीटर. एवढ्या चालण्यात डिझेलची बचत डिझेल इंजिनाच्या दुरुस्तीपुढे टिकत नाही. टर्बो, इंजेक्टर, पंप यातलं एक जरी गेलं तरी तुमचा ६८ हजारांचा आकडा पुन्हा समोर उभा राहील.

आणि २०१९ ची गाडी एवढ्या स्वस्तात का, हे साळ्याने विचारलं का? २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं आणि पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाड्या बुडाल्या. अशा बुडालेल्या गाडीचा विमा कंपनी टोटल लॉस देते, म्हणजे गाडी पूर्ण गेली असं धरून पैसे देते, आणि सांगाडा विकते. त्यातल्या काही धुऊनपुसून परत बाजारात येतात. तुमच्या साळ्याची गाडी त्यातलीच आहे असं मी म्हणत नाही. पण पाहिल्याशिवाय नाही असंही म्हणणार नाही.

त्याच थंडीत मी एका गिऱ्हाईकासोबत अशी एक गाडी पाहायला गेलो होतो. बाहेरून आरसा. आत बसलो तर अत्तराचा इतका वास की डोकं दुखावं. मी ड्रायव्हरचा सीट बेल्ट धरला आणि ओढत गेलो. आपण रोज घालतो तेवढा भाग स्वच्छ, मऊ. मग आणखी ओढला, शेवटपर्यंत, गुंडाळी संपेपर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर तपकिरी रेघ होती, सरळ, फूटपट्टीने मारावी तशी. नखाने खरवडली तर वाळलेला गाळ निघाला. बाकी सगळं धुतलं होतं, पट्टा शेवटपर्यंत ओढून धुवायचं राहिलं होतं. मग सीट मागे सरकवून खालचे रूळ पाहिले, बोल्टांच्या खाचांत गंज. चालू केली तर इंजिन घड्याळासारखं. अशी गाडी पहिले सहा महिने चांगलीच चालते. वायरिंगच्या जोडांत आतून हिरवट गंज चढत असतो आणि एके रात्री लाइट, वायपर, कधी सगळंच बंद पडतं. डायलिसिसहून परत येताना बंद पडणारी गाडी तुम्हाला परवडणार नाही.

तरी ती पाहायचीच असेल तर साळ्याला हे करायला सांगा. चालू पॉलिसीची प्रत मागा आणि नो क्लेम बोनसचा आकडा वाचा. एकाच मालकाकडे चार-पाच वर्षं असलेल्या गाडीचा बोनस शून्य असेल तर बहुधा नुकताच क्लेम घेतलेला आहे, कशाचा ते विचारा. नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून सर्व्हिसची नोंद काढा, तिथले किलोमीटर आणि मीटरवरचे ताडून पाहा. चारही टायरवरचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. मीटर २५ हजार दाखवतं आणि टायर दुसऱ्यांदा बदललेले, तर मीटर मागे फिरवलाय. सकाळी इंजिन थंड असतानाच चालू करून पाहायची. तुम्ही पोचायच्या आधीच कोणी गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. आणि विकणारा डीलर असेल तर १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, ते पाहायला मागा. इसार हजार-दोन हजारांच्या वर देऊ नका, बाकीचे पैसे फॉर्म २९ आणि ३० भरून होतील त्या दिवशी.

रोही रात्री पुन्हा येणारच, तुरी उभ्या आहेत तोवर तर नक्कीच. एक दिसला की मागे आणखी असतात, पहिला गेला म्हणून वेग वाढवू नका. स्टिअरिंग झटक्यात वळवायचं नाही. ब्रेक सरळ दाबायचा, अपर लाइट खाली घ्यायचा आणि त्याला जाऊ द्यायचं. त्या रात्रीचा रोही तिथेच मेला असेल तर वनरक्षकाला कळवलं होतं का? ते जनावर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. कळवलं नसेल तर आताच कळवा.

दुरुस्ती होईपर्यंत बाबांच्या दोन फेऱ्यांसाठी गावातली एखादी गाडी ठरवून घ्या, भाडं लागलं तरी.

आणि गुरुजींना फोन नका करू, आज संध्याकाळी त्यांच्या घरी जा. कोणत्या दिवशी बसून अर्ज भरायचा ते ठरवूनच या. उद्या सकाळी ऊन पडलं की लाइटच्या खाचेतून दोन्ही एप्रनचे आणि ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूचा फोटो काढून मला पाठवा. ते पाहून दुरुस्तीचं सांगतो.